अंधारीतला इंग्रजीचा तास

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या आठवीची सहल एसटीनेच जाते. सवलतीत गाडी मिळते आणि एसटी म्हटलं की पालकही निर्धास्त असतात. यंदा ठिकाण ठरवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात टाकलं. मी दौलताबाद आणि छत्रपती संभाजीनगर सांगितलं, वर एक अटही घातली: हा दिवस इंग्रजीच्या खात्यात धरायचा. इतिहासाचे सर हसले. म्हणाले, "यादवांच्या देवगिरीवर इंग्रजी? करा बाई करा."

नियम मी गाडीतच सांगून टाकला. ज्या वस्तूला हात लावता येईल, तिचाच शब्द वहीत लिहायचा. 'किंग', 'हिस्टरी', 'ब्रेव्ह' वगैरे बाद. मुलांचे निबंध मी वर्षानुवर्षं तपासतेय; त्यांत प्रत्येक राजा ब्रेव्ह असतो आणि प्रत्येक किल्ला ब्युटिफुल. दोन्ही शब्दांचा मला वीट आलाय.

महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या, दरवाजापाशीच गर्दी तुंबली. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून त्यावर अणकुचीदार खिळे ठोकलेत. पोरं एकेक खिळा चाचपत उभी राहिली. 'स्पाइक' मला सांगावाच लागला नाही, क्रिकेटच्या बुटांमुळे तो त्यांचाच होता. चांद मिनार (१४४५ सालचा, बहमनींचा) बाहेरूनच पाहिला. वर मेंढा तोफेजवळ मात्र वेळ गेला. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. 'रॅम' म्हटल्यावर मागून आवाज आला, "मॅडम, रॅम तं मोबाईलमध्ये असते." त्यावर कुणाच्या घरच्या मोबाईलला किती जीबी, अशी चर्चा सुरू झाली आणि तोफ बाजूला पडली. शेवटी एकाने शिंगांवरून हात फिरवून वहीत लिहिलं, तेव्हा बाकीच्यांनी लिहिलं.

मग खंदक. अखंड खडक तासून काढलेला, पलीकडे डोंगराचा सरळसोट तुटलेला कडा आणि जायला एवढासा पूल. मी खंदकाचा इंग्रजी शब्द 'मोट' म्हणाले आणि एक मुलगा हटूनच बसला: मोट विहिरीवर असते. त्याच्या आजोबांच्या विहिरीवर मोटेचं चाक अजून आहे म्हणे. "पाणी दोन्हीत असतं ना? मग झालं तर," असं मैत्रिणीने त्याला परस्पर समजावलं. भाषाशास्त्रात हे बसत नाही, पण दोघांनाही शब्द कायमचा पाठ झाला, म्हणून मी गप्प राहिले. इतिहासाच्या सरांनी तेवढ्यात तुघलकाला आणलंच. १३२७ साली त्याने दिल्लीहून राजधानी इथे का हलवली असेल, हे तो कडा समोर असताना त्यांना फारसं समजवावं लागलं नाही.

आणि मग अंधारी. डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा वळणावळणाचा मार्ग. शत्रू आत शिरला की आंधळा, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटवायचा, म्हणजे आत नुसता धूर. वाटाड्या मशाल घेऊन पुढे झाला. मी मुलांना सांगितलं, आत मराठी बंद. पुढचा जे सांगेल ते मागच्याला इंग्रजीतच द्यायचं आणि त्याने त्याच्या मागच्याला. नाहीतर गप्प चालायचं.

सुरुवातीला छान चाललं होतं. "स्टेप." "स्टेप." "टर्न लेफ्ट." शब्द रांगेतून मागे सरकत होते. पायऱ्या उंच, कमीजास्त, भिंती ओलसर, आणि वटवाघळांचा तो उग्र वास. एका ठिकाणी छत खाली आलं. वाटाड्याने खूण केली आणि पुढच्या मुलीने बरोबर सांगितलं, "बेन्ड." दुसऱ्याने "बेन्ड" म्हटलं. पाचसहा जणांनंतर त्याचं "बॅन्ड" झालं आणि रांगेच्या मध्यावर कुणीतरी ठामपणे पुढे दिलं, "बॅट!" मागची अख्खी रांग किंचाळत खाली बसली. त्यामुळे एकाचंही डोकं छताला लागलं नाही. किंचाळण्याने खरीखुरी वटवाघळं उठली ती वेगळीच.

त्या गोंधळात एक आवाज ऐकू आला: "वेट! होल्ड माय हॅन्ड. डोन्ट पुश." हा मुलगा वर्गात उभा केला तर 'माय नेम इज'च्या पुढे सरकत नाही. तिथे त्याच्यामागे एक लहानखुरी मुलगी रडायला लागली होती आणि मराठी बंद होतं. वस्तूंची नावं पाठ होतातच. तक्ता भिंतीवर लावा, पोरं घोकतात. क्रियापदं मात्र समोरच्याला काहीतरी सांगायची निकड असल्याशिवाय तोंडात येत नाहीत, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

बाहेर उजेडात आल्यावर भांडण. एका मुलीने वहीत 'डार्क' लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी हरकत घेतली, अंधाराला कुठे हात लावता येतो? ती म्हणाली, "मॅडम, तिथं अंधार हाताला लागत होता." मी तो शब्द मंजूर केला.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन शहरात आलो. बीबी का मकबऱ्यात नियम छान चालला. खाली गार लागतो तो संगमरवर कुठवर आहे आणि गिलावा कुठे सुरू होतो, हे मुलांनी डोळ्यांआधी तळहाताने शोधलं. पहारेकऱ्याने शिट्टी मारून आम्हाला हाकललं, आणि त्याचंही बरोबरच होतं.

पाणचक्कीत मात्र इतिहासाचे सर स्वतःहून पुढे आले. "मी परदेशी पाहुणा. मला मराठी येत नाही. हे काय आहे?" डोंगरातल्या उगमाचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, हे इंग्रजीत सांगायला मुलं अक्षरशः झटली. "वॉटर कम फ्रॉम हिल. वॉटर फॉल. व्हील टर्न. स्टोन टर्न." आणि पुढे अडलं. दळतो कसं म्हणायचं? एकीच्या घरी पिठाची गिरणी आहे. ती हळूच म्हणाली, "आमच्या पाटीवर फ्लोअर मिल लिहिलंय." रोज डोक्यावर असलेली पाटी तिने पहिल्यांदा वाचली असावी. 'ग्राइंड' मग मी दिला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवलं, तेच हे शहर, आणि त्याने इथे नहर आणून पाणी खेळवलं, असं सर पुढे सांगत होते. त्यावर अभिप्राय आला, "म्हणजे प्लंबर होता." सर नाराज झाले, मला ते वर्णन मान्य आहे.

सहलीच्या अहवालात 'अध्ययन निष्पत्ती' असा एक रकाना असतो. त्यात वटवाघळं कशी बसवायची ते मला अजून सुचलेलं नाही. दरम्यान मोटवाला मुलगा सांगत आला की आपल्या गावच्या गढीलाही बुरूज आहे, मग तिकडे का जायचं नाही? मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, आधी ग्रामपंचायतीकडून झाडी तोडून घ्या, साप आहेत. अर्ज दिलाय. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जाऊ.