एरिक कॅम्पबेल अपडेट: डनूनचा फोल्डर बंद केला

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो कारण दाखवण्यासारखं हातात काहीच नव्हतं. एरिक कॅम्पबेल म्हणजे चार्ली चॅप्लिनच्या मूकपटांतला तो दांडगा खलनायक, त्याच्या टाइमलाइनचा पहिलाच रकाना, जन्म, रिकामा होता. काल भरला एकदाचा!

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात त्याचं जन्मगाव म्हणून डनून पक्कं बसलंय ना, स्कॉटलंडमधलं आर्गाइलचं गाव, तिथे त्याच्या नावाची पाटीसुद्धा आहे. त्यात आर्गाइल म्हणजे कॅम्पबेलांचं माहेरघर, मग शंका येणार तरी कुठून. मी स्कॉटलंडच्या ऑनलाइन जन्मनोंदींत 1878 ते 1882 सगळी वर्षं चाळली, एरिक टाकून, नुसतं ई टाकून, स्पेलिंग बदलून, आणि तिथे मूळ पान उघडायला क्रेडिट लागतात, त्यामुळे प्रत्येक "हाच असेल" बघताना पैसे जात राहिले.

मग त्याच्यावरचं नंतरचं संशोधन वाचलं. जन्म इंग्लंडमधला, चेशायरमधलं सेल, 26 एप्रिल 1880, आणि पूर्ण नाव आल्फ्रेड एरिक कॅम्पबेल! म्हणजे मी देशही चुकीचा धरला होता आणि पहिलं नावही. इंग्लंड-वेल्सची जन्मनोंदणी 1837 पासूनची, स्कॉटलंडची 1855 पासूनची, दोन्ही दप्तरं पूर्ण वेगळी, एकात कितीही खणलं तरी दुसऱ्यातलं दिसत नाही. पुढे कोणी शोधणार असेल तर इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचा स्वतःचा ऑनलाइन इंडेक्सच वापरा, जुन्या छापील इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव 1911 पासूनच येतं, ह्यात त्याआधीचंही आहे, आणि एकाच नावाची दोन पोरं वेगळी करायला तेवढंच कामाला येतं. सर्टिफिकेट मागवतोय.

दुसरीकडे शॉट-लॉग, म्हणजे त्याच्या शॉट्सची नोंदवही, मस्त चाललाय. चार्लीने म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या 12 पैकी 11 चित्रपटांत तो आहे, फक्त 'वन ए.एम.'मध्ये नाही, तिथे चार्ली जवळजवळ एकटाच. 'इमिग्रंट'मधला वेटर परत फ्रेम-फ्रेम बघितला. ती भूमिका आधी हेन्री बर्गमनकडे होती, 'अननोन चॅप्लिन' ह्या माहितीपटात ते रशेस (संकलनाआधीचं कच्चं चित्रण) आहेत, बर्गमन वेटर म्हणून चांगलाच आहे पण त्याची भीती वाटत नाही. एरिक आला आणि पैसे नसलेल्या चार्लीच्या घशाखाली घास उतरेना, सगळा सीनच उभा राहिला! मला तर हे त्याचं सगळ्यात भारी काम वाटतं, 'ईझी स्ट्रीट'मध्ये दिव्याचा खांब वाकवतो त्याच्यापेक्षाही.

बाय द वे, ज्या प्लेयरला फ्रेम मागे नेता येत नाही तो घेऊच नका, निम्मा वेळ रिवाइंड करण्यात जातो.

आणि हे टाइप करताना आत्ताच सुचलं. तारीख पक्की झाली म्हणजे प्रत्येक चित्रपटातलं त्याचं वय काढता येतं. 'फ्लोअरवॉकर' मे 1916 मध्ये आला तेव्हा 36, 'ईझी स्ट्रीट' जानेवारी 1917, तेव्हाही 36! त्या दाढ्या आणि जाड भुवयांमुळे मी कायम त्याला पन्नाशीचा धरत आलोय. 'अॅडव्हेंचरर' ऑक्टोबर 1917, वय 37, आणि 20 डिसेंबरला गाडीच्या अपघातात गेला. अकराच्या अकरा दीड वर्षाच्या आत केलेत हो, हे आकडे शेजारीशेजारी लिहिल्यावर दोन मिनिटं पुढे टाइपच करवेना.

त्यामुळे आधी त्याच्या नाटकांतल्या दिवसांवर लिहिणार होतो ते आता थांबवतो. लॉगमध्ये दोन नवे रकाने, वय आणि मेकअप. सुरुवात 'द क्युअर'पासून, तो बँडेज बांधलेला संधिवाताचा पाय आहे ना, तिथून.