दूध बंद करूनही थांबेना

मुलगा १५ महिन्यांचा. आजीच्या मांडीवर पालथा, कारण उताणा ठेवला की कळवळून रडायचा. डायपर उघडला आणि कळलं का ते. शीच्या जागेभोवतीचं कातडं लालभडक झालेलं, दोन ठिकाणी सोललेलं. आणि वास आला तो ताकाचं भांडं दोन दिवस न धुता ठेवल्यावर येतो तसा, आंबूस. साध्या जुलाबांना असा वास नसतो.

सतरा दिवसांपूर्वी उलट्या आणि तापाने सुरुवात झाली होती. दोन दिवसांत उलट्या थांबल्या, ताप उतरला. दिवसाला दहा-बारा वेळा होणारी पाण्यासारखी शी सहा-सातवर आली आणि तिथेच अडकली. आजी अगदी नेमकं सांगत होत्या: "खाल्लं की अर्ध्या तासात फर्रकन होते, फेस असतो, आणि मधल्या वेळात पोट गुडगुडतं." दात येतायत म्हणून काही दिवस वाट पाहिली गेली. मग एक अँटिबायोटिक झालं, मग प्रोबायोटिकची पुडी, मग दुसरं अँटिबायोटिक. वजन ८.४ किलो. महिन्याभरापूर्वीच्या कार्डावर ९.१ लिहिलेलं होतं.

जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले की आम्ही त्याला रेंगाळलेले जुलाब म्हणतो आणि नव्याने विचार करतो. वास, फेस आणि सोललेलं कातडं एकाच दिशेने बोट दाखवत होतं: दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाहीये. पण आईने माझ्या हातात एक रिपोर्ट दिला. पाच दिवसांपूर्वी शीतली साखर तपासलेली, उत्तर 'नाही'. वर ती म्हणाली, "डॉक्टर, दूध बंद करून तर आठ दिवस झाले. रिपोर्टपण नॉर्मल आहे. म्हणजे दुधाचं काही नाही ना?"

दोन्ही मुद्दे बिनतोड वाटत होते. त्या दिवशीचा माझा निम्मा वेळ हे दोन्ही चुकीचे कसे आहेत ते शोधण्यात गेला, आणि तेच इथे सविस्तर लिहायचं आहे.

आधी रिपोर्ट. नमुना कसा नेला होता, हे विचारलं. सकाळी सातला डायपरमधली शी चमच्याने खरवडून डबीत भरली, लॅबमध्ये दिली साडेअकराला. इथेच घोळ झाला. साखर असते ती शीच्या पातळ भागात, आणि डायपरचं काम पातळ भाग शोषून घेणं हेच. खरवडून उरतो तो चोथा. त्यात भर म्हणजे चार-साडेचार तासांत डबीतल्या जिवाणूंनी उरलीसुरली साखरही खाऊन टाकलेली असणार. तपासणी करणाऱ्याने काही चूक केली नव्हती, त्याच्या हातात आलेल्या नमुन्यात साखर नव्हतीच.

आम्ही डायपर उलटा बांधला, म्हणजे प्लॅस्टिकची बाजू अंगाकडे. आजींना वाटलं सिस्टरचं चुकलं, त्या सरळ करायला निघाल्या. वीस मिनिटांत, पेज पाजून झाल्यावर, शी झाली आणि प्लॅस्टिकवर पातळ पाणी साठलं. ते ड्रॉपरने उचललं. आधी पीएचची पट्टी बुडवली, रंग ५ वर आला. ५.५ च्या खाली म्हणजे शी आम्लधर्मी, आतड्यात साखर आंबते आहे. मग शीच्या पाण्याच्या एका भागात दोन भाग साधं पाणी मिसळून गाळलं. परीक्षानळीत ५ मिलिलिटर बेनेडिक्टचं द्रावण, म्हणजे साखर ओळखणारं निळं द्रावण, त्यात या गाळलेल्या पाण्याचे ८ थेंब, आणि नळी उकळत्या पाण्यात. निळा राहिला तर साखर नाही, हिरवट म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पिवळा म्हणजे १, विटकरी लाल म्हणजे २ टक्के किंवा जास्त. नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि नारिंगीवर थांबली. आई बघत उभी होती. तिला काही समजवावं लागलं नाही.

या तपासणीत एक गोष्ट सांभाळावी लागते. घरातली साखर, म्हणजे सुक्रोज, बेनेडिक्टमध्ये रंग देत नाही. ग्लुकोज देतं, आणि ते ओआरएसमध्ये असतं. म्हणून मूल ओआरएस भराभर पीत असेल तर नुसत्या रंगावर जायचं नाही, पीएच आणि शीचं रूप सोबत बघायचं. या मुलाला दोन दिवस ओआरएस दिलेलंच नव्हतं, त्यामुळे ती शंका मिटली. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि लघवीही तपासली, कारण या वयात लघवीचा जंतुसंसर्ग जुलाबांच्या आड लपतो. दोन्हीत काही नव्हतं.

आता दुसरा मुद्दा, बंद केलेल्या दुधाचा. शीत साखर आहे, तर ती येते कुठून? मी म्हणाले, "ताई, काल सकाळपासून आत्तापर्यंत याच्या तोंडात जे जे गेलं ते क्रमाने सांगा. पाण्याचा घोटसुद्धा." म्हशीचं दूध खरंच बंद होतं. सकाळी डब्यातलं तयार सीरियल, दुपारी पेज, चारला सीरियल, रात्री पुन्हा सीरियल, मध्ये दोन-तीन बिस्किटं आणि "अशक्तपणा आलाय म्हणून" सफरचंदाच्या रसाचा छोटा खोका. सीरियल कशात कालवता? "पाण्यातच! दूध बंद केलंय ना."

डबा पिशवीतच होता. मागचा बारीक मजकूर दोघींनी मिळून वाचला. गव्हाच्या पिठानंतर दुसरं नाव साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचं, ३६ टक्के. ही सीरियल्स पाण्यात कालवायची असतात ती याचसाठी, की दूध आधीच आत आहे. साय काढलेल्या भुकटीत जवळजवळ निम्मं लॅक्टोज असतं. दिवसाला तीन वाट्या मिळून साधारण १०० ग्रॅम सीरियल पोटात जात होतं, म्हणजे ३६ ग्रॅम भुकटी, म्हणजे अंदाजे १८ ग्रॅम लॅक्टोज. म्हशीच्या दुधात ते १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या आसपास असतं. हिशोब सरळ होता: दूध 'बंद' असताना या पोराला रोज साडेतीनशे मिलिलिटर दुधाइतकी साखर मिळत होती. बिस्किटातली दूध-भुकटी त्यामानाने किरकोळ. सफरचंदाच्या रसात लॅक्टोज नसतं, पण फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल हे दुसरे गोड पदार्थ असतात, आणि तेही याच रीतीने आतड्यात पाणी ओढतं. बिचारी आई रडवेली झाली. तिने सगळं नीटच केलं होतं, डब्याच्या पुढच्या बाजूवर कुठेही दुधाचा पेला नव्हता.

हे होतं का, ते आजींना असं सांगितलं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केस असतात. दुधाची साखर फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम त्या केसांच्या शेंड्यावर असतं, आणि रोटासारखे विषाणू नेमके शेंडेच खरवडतात. नव्या पेशी चार-पाच दिवसांत वर सरकतात, पण लॅक्टेज तयार करण्याइतक्या त्या पिकायला वेळ लागतो, बहुतेक मुलांत दोन ते चार आठवडे. तोवर न फुटलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, वायू आणि आम्ल होतं. वायूमुळे फेस आणि आवाज, आम्लामुळे सोललेली त्वचा. रोटाच्या लसीचे तिन्ही डोस, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, झाले होते. मग तरी कसं, हा प्रश्न आलाच. रोटाची लस जिवावर बेतणारा आजार टाळते, प्रत्येक जुलाब नाही, आणि असं करणारे विषाणूही अनेक आहेत.

"आमच्यात माझ्या सासऱ्यांना पण दूध पचत नाही," आजी म्हणाल्या. ते खरं असेल. पण मोठेपणी येणारा हा आनुवंशिक प्रकार दोन वर्षांच्या आत सहसा दिसत नाही. इतक्या लहान मुलाला दुधाची साखर पचेनाशी झाली, तर आतड्याला नुकतंच काय झालं ते आधी शोधायचं.

दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी मात्र वेगळी, आणि तिची गफलत रोज होते. त्यात शीत रक्ताचे धागे किंवा चिकट आव, अंगावर गांधी, न हटणारा एक्झिमा, दूध पिताच उलट्या, अशा खुणा असतात. तिथे लॅक्टोजमुक्त दुधाने काही साधत नाही, प्रथिन तेच राहतं. शेळीचं दूधही उपाय नाही, दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. या मुलाने दहाव्या महिन्यापासून म्हशीचं दूध बिनतक्रार प्यायलं होतं, रक्त नव्हतं, पुरळ नव्हतं, आणि त्रास उलट्या-जुलाबांच्या पाठोपाठच सुरू झाला होता. म्हणून ॲलर्जीच्या वाटेला गेले नाही.

मग आईने हळूच विचारलं ते माझ्या दृष्टीने त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं. चार दिवसांपासून तिने रात्रीचं अंगावर पाजणंही बंद केलं होतं, दूध बंद म्हणजे सगळंच दूध. आईच्या दुधात लॅक्टोज म्हशीच्या दुधापेक्षा जास्त असतं, १०० मिलिलिटरला ७ ग्रॅमच्या आसपास. तरीही ते थांबवायचं नाही. ते थोडं थोडं, अनेकदा पोटात जातं, आणि आतडं भरून यायला मदत करणारे घटक त्यात असतात, जे कुठल्याच डब्यात नाहीत. त्याच रात्रीपासून पुन्हा पाजायला सांगितलं. आजींच्या चेहऱ्यावर शंका दिसली, म्हणून ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

बाकीचं असं ठरलं. वरचं दूध, सीरियल, बिस्किटं, रस दोन आठवडे नाहीत. खिमट: दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मुगाची डाळ, दोन्ही भाजून भरडलेलं, दीड कप पाण्यात गुरगुटून शिजवायचं, चिमूटभर मीठ, आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तूप. तुपाला आजी कचरत होत्या, जुलाबात तूप कसं? पण वजन भरून काढायचं तर स्निग्ध हवंच, आणि तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं. दिवसातून सहा वेळा, अर्धी-अर्धी वाटी. पिकलेलं केळं कुस्करून, उकडलेलं अंडं. चौथ्या दिवसापासून घरी लावलेलं दही दोन चमचे, भातात कालवून. विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच खातात आणि उरलेली पचवायला मदत करतात, म्हणून दही दुधाआधी सोसतं.

प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने. मोठी पुडी एका लिटर पाण्यातच पूर्ण ओतायची, अंदाजाने चमचाभर पेल्यात नाही. घट्ट ओआरएसने रक्तातलं सोडियम वाढतं. झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. आधी कुणीतरी दिलं होतं, पण पाच दिवसांत संपवलं. अँटिबायोटिक बंद.

कातड्यासाठी ओले वाइप्स आणि साबण बंद. कोमट पाण्याची धार, टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडचा थर भिंतीला गिलावा द्यावा तसा जाड, आणि तो प्रत्येक वेळी खरवडून काढायचा नाही, वरची घाण तेवढी काढून पुन्हा लावायचा. दुपारी दोन तास डायपरशिवाय. जांघेच्या घडीत लाल टिपके दिसले तर बुरशी समजून दाखवायला आणायचं. आणि सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, शीत रक्त दिसलं किंवा पोर मलूल पडलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला: शी दोन वेळा, दह्यासारखी घट्ट, फेस नाही. सहाव्या दिवशी मुलगा स्वतःच्या पायांवर आत आला आणि वजनकाट्यावर बसायला तयार झाला. ८.६ किलो. पीएचची पट्टी पुन्हा बुडवायची इच्छा होती, पण शीला आता पातळ भागच नव्हता.

दूध परत सुरू करायची तारीख मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली होती. ती लिहिली नाही तर काय होतं ते पाहिलेलं आहे: एका जुलाबानंतर बंद झालेलं दूध दोन-दोन वर्षं कुणी सुरूच करत नाही, आणि मूल येतं ते पाय वाकलेलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व खाली गेलेलं. म्हणून पंधराव्या दिवशी नाचणीच्या खिरीत ३० मिलिलिटर दूध. दर दोन दिवसांनी ३० ने वाढ. शी सुटली तर आधीच्या पायरीवर आठवडाभर थांबायचं, शून्यावर यायचं नाही. बाटली नाही, पेल्याने. आणि दिवसभरात ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर नाही, कारण दुधानेच पोट भरलं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं.

पाचव्या आठवड्यात वजन ९.३ होतं. २०० मिलिलिटर दूध चालू होतं, त्वचेवर फक्त फिकट डाग. आई तो सीरियलचा डबा पुन्हा घेऊन आली होती, टाकू का ठेवू विचारायला. मागच्या बाजूला तिने पेनाने 'दूध आहे' असं लिहून भोवती गोल केलं होतं.