चार गुंठ्यांतले लाकडी घर

ब्रिस्बेनला लेकीकडे राहायला आल्यापासून सकाळच्या फेरफटक्यात लोकांच्या घरांखाली वाकून पाहण्याची एक विचित्र सवय मला जडली आहे. त्यात दोष माझा कमी आणि इथल्या जुन्या घरांचा जास्त, कारण ती जोत्यावर बसलेली नसून खुंटांवर उभी आहेत आणि त्यांच्याखालून पलीकडचे अंगण दिसते. लेक भाड्याने राहते ते घरही त्याच जातीचे आहे: फळ्यांच्या भिंती, पन्हळी पत्र्याचे छप्पर, पुढे पडवी आणि आत बेताच्या चार खोल्या. कुणा कामगाराने बांधून घेतलेल्या अशा घराला वारसा म्हणतात हे प्रथम ऐकले, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. किल्ले, देवळे आणि सरदारांचे वाडे पाहून घडलेल्या नजरेला वारसा म्हटले की निदान एखादा दिंडी दरवाजा तरी लागतोच.

हसू ओसरले ते घराची भिंत नीट पाहिल्यावर. इथल्या पुष्कळ जुन्या घरांची भिंत म्हणजे एकमेकींत खाचेने बसवलेल्या, बोटभर जाडीच्या फळ्यांचा एकच पदर असतो. थंडी फारशी नसल्यामुळे दुसऱ्या पदराचा खर्च वाचवता आला, आणि तो वाचवताना फळ्या सांगाड्याच्या आतल्या अंगाने ठोकल्या गेल्या, त्यामुळे उभे-आडवे वासे बाहेरून उघडे राहिले. सदरा उलटा घालावा आणि शिवण दिसू द्यावी, तसा हा प्रकार आहे. गंमत अशी, की सुतारांनी त्या वाशांच्या मधले तिरपे आधार प्रमाणात बसवले, त्यांना रंग दिला, आणि काटकसर हीच घराची शोभा झाली. दारांवरच्या जाळीदार लाकडी पट्ट्यांचेही तसेच आहे. दिसायला नक्षी, पण खरे काम या खोलीतला वारा त्या खोलीत जाऊ देण्याचे.

या घरांच्या चहूबाजूंनी मोकळी जागा का, याचे उत्तर मात्र सुतारकामात नाही, कायद्यात आहे. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये १८८५ साली जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास बंदी झाली आणि प्लॉटची किमान मर्यादा सोळा पर्च ठरली; पर्च हे जमिनीचे जुने इंग्रजी माप. मी हिशेब केला तेव्हा ते बरोबर चार गुंठे निघाले, आणि हे परके शहर एकदम ओळखीच्या मापात आले. भिंतीला भिंत लावलेल्या रांगांऐवजी इथल्या कामगाराला सुटे घर मिळाले, त्यामागे ही मर्यादा आहे. पुढे १९०९ च्या कायद्याने बेताच्या मिळकतीच्या माणसाला घर बांधण्यासाठी सरकारी कर्ज मिळू लागले. त्या योजनेतले पहिले घर १९१० साली ईस्ट ब्रिस्बेनमध्ये उभे राहिले आणि आज ते राज्याच्या वारसा-नोंदवहीत आहे.

एखादी वास्तू तिच्या वर्गातल्या वास्तूंची मुख्य लक्षणे दाखवत असेल तर तेवढ्यानेही ती महत्त्वाची ठरू शकते, असे क्वीन्सलँडचा १९९२ चा वारसा कायदा मानतो. मला हे कलम फार आवडते, कारण त्यात सामान्य असणे हीच पात्रता आहे. शहरातल्या अनेक भागांत १९४६ किंवा त्यापूर्वीची घरे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत, तीही बहुतांशी अशीच नावगाव नसलेली आहेत. अर्थात ज्या माणसाच्या ऐपतीसाठी ती बांधली, त्याच्या आजच्या भाईबंदाला शहरालगतचे असे घर परवडणे कठीण आहे. घराचा रंग, पडवी, नक्षी सांभाळता येते; कामगाराला सांभाळणारे कलम मला अजून दिसलेले नाही.

आणि आता खुंटांविषयी. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर, घराच्या तुळईखाली, कडा खाली वळवलेली पत्र्याची टोपी असते. आपल्याकडे लाकडी खांबाखाली ओल लागू नये म्हणून तळखडा बसवत, त्याचीच ही दूरची बहीण. ती वाळवीला मारत नाही, पुरती अडवतही नाही. फक्त लाकडातून लपत वर जाणारी वाळवी तिथे उघड्यावर येते आणि तिला पत्र्याच्या कडेवरून मातीची नळी बांधत जावे लागते, जी माणसाला दिसते. म्हणजे ही युक्ती पत्र्यावर जितकी अवलंबून आहे, तितकीच घराखाली वाकणाऱ्या माणसावर. हल्ली अनेकजण घर उचलून खालची जागा भिंतींनी बंद करतात आणि तिथे खोल्या काढतात, तेव्हा हे पाहणे अवघड होते.

लेकीच्या घराखाली अजून कपडे वाळतात आणि नातवाची सायकल असते. गेल्या रविवारी विजेरी घेऊन मी एकेक खुंट पाहत गेलो, तर मोरीखालच्या खुंटावर, टोपीच्या कडेला, करंगळीच्या पेराएवढी ओली मातीची रेघ होती. मी लेकीला हाक मारली. ती कपड्यांचे चिमटे हातात घेऊनच आली, वाकली आणि म्हणाली, “बाबा, हात लावू नका, आधी घरमालकांना फोटो पाठवते.”