टेप तुटला त्या दिवशी

मी अल्युमिनियम स्लायडिंगची कामं करतो. मागच्या मे महिन्यात भोरच्या पुढं, भाटघर धरणाच्या पलीकडं एका आजींकडं खिडकीचं माप घ्यायला गेलो आणि तिथंच टेपची स्प्रिंग तुटली, पट्टी आत गेली ती बाहेरच येईना. दुसरा टेप आणायचा तर परत भोर. आजी म्हणाल्या, "माझी साडेपाच विती आहे बघ खिडकी." मी मोजली तर पाचच भरली, माझा पंजा मोठा ना.

मग खिशातली पाचशेची कोरी नोट काढली. ती 150 एमएम लांब असते, म्हणजे तीस सेंटीमीटरच्या पट्टीच्या बरोबर अर्धी, आणि एटीएम कार्डाची आखूड बाजू 54, हे मी पाठच करून ठेवलंय. सात नोटा अन् वर एक कार्ड, 1104 आलं. खात्री म्हणून आजींच्या सातबाऱ्याची प्रिंट घेतली, तो ए फोर कागद, 297 बाय 210. तीनदा उभा, एकदा आडवा आणि वर दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साधारण 1107. तीन एमएमचा फरक! नोट सात वेळा सरकवली की दरवेळी पेन्सिलच्या रेघेएवढी चूक वाढत जाते, कागद चारदाच सरकतो म्हणून त्याच्यावर माझा जास्त भरवसा, तरी पण सेक्शन, म्हणजे फ्रेमच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या, कापायला एवढा फरक चालत नाही, मोठी झाली तर फ्रेम बसतच नाही.

आजींनी घेवड्याच्या मांडवातल्या दोन कामट्या काढून दिल्या. त्या एकमेकींना चिकटवून खिडकीत आडव्या धरल्या, दोन्ही टोकं भिंतींना टेकेपर्यंत सरकवल्या, सुतळीनं आवळल्या आणि दोन्हींवरून एकच रेघ मारली. आतलं माप घ्यायला यासारखं दुसरं काही नाही, आकडा लागतच नाही. मातीची जुनी भिंत, त्यामुळं वर, मध्ये, खाली तीनदा घेतलं, खालीच सगळ्यात कमी भरलं, तेच धरलं. उंचीही तशीच. कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी ताणून दोन्ही कर्ण बघितले, खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती, बोटभर तिरकी.

वर्कशॉपला कामट्यांना टेप लावला, 1106. लूज सोडून फ्रेम केली, चार दिवसांनी नेली आणि एका दमात बसली, कुठं ठोकावी लागली नाही की घासावी लागली नाही. आजींनी खिडकी दोनदा सरकवून बघितली, मग म्हणाल्या, "बाळा, माझ्या कामट्या आणल्यास ना?"

आणल्या होत्या.