पुणे ते लंडन: तिकिटावर 5 तास, प्रत्यक्षात 20

तिकिटाची प्रिंट हातात आल्यावर आई म्हणाली, "2 ला सुटून 7 ला पोचतं? म्हणजे कोल्हापूरएवढंच की!"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. सप्टेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे विमान उडणार साडेनऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा. त्या आठवड्यात कुणी न्यायला येणार असेल तर वेळ दोनदा कळवा.

मुंबई ते लंडन सरळ मोजलं तर सुमारे 7,200 किमी. पण आमचं विमान भारतीय कंपनीचं, आणि एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केलेली. त्यामुळे पडद्यावरचं चिमुकलं विमान आधी अरबी समुद्रावर गेलं आणि मग उत्तरेकडे वळलं.

खरा घोळ मात्र पहिल्या दीडशे किलोमीटरचा. पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून लंडनला थेट विमान नाही. तो हवाई दलाचा तळ, धावपट्टी जेमतेम अडीच किमी. दिल्लीमार्गे जाता येतं, पण मग दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. आम्ही रस्त्याने मुंबईला गेलो. कोथरूडहून सकाळी 6 ला निघालो आणि खंडाळ्याजवळ पावसात कंटेनर आडवा झालेला. सव्वा तास जागच्या जागी. आईने शांतपणे दशम्यांचा डबा उघडला, ड्रायव्हरलाही दिली. पुढे साकीनाक्याने उरलीसुरली कसर भरून काढली. टर्मिनल 2 ला पोचलो सव्वाअकराला. दुपारच्या विमानासाठी पहाटे निघणं अति वाटतं, पण निघाच.

आता खोबरं. ताईसाठी आईने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत भरल्या होत्या. काउंटरवर विचारलं, म्हणून कळलं: चालत नाही. तेल भरपूर, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. "अहो, पोळीबरोबरच्या चटणीसाठी आहे," आई त्या मुलीला सांगत राहिली. शेवटी वाट्या तिथेच राहिल्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही इंग्लंडात नेता येत नाही, त्यांच्या कस्टमला दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य. बाकरवडी बिनधास्त न्या.

लंडनमधल्या हॅरोला ताईच्या घरी शिरलो तेव्हा तिथे रात्रीचे साडेनऊ, आईच्या मनगटावर पहाटेचे 2. दोन आठवडे तिने घड्याळ बदललं नाही. "गोळ्या मी पुण्याच्या वेळेनेच घेणार," म्हणाली. डॉक्टरांनीही निघण्यापूर्वी तेच सांगितलं होतं. तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

येताना पावणेनऊ तासच लागले. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, ते पाठीशी असतात. तिकिटावर मात्र रात्री 9 ते सकाळी सव्वादहा. आईने तेही वाचलं आणि म्हणाली, "बघ, परतताना नागपूर झालं."