पान्हा? कितीचा?

परवा दुपारी बाईकची चेन टाइट करून घ्यायला गॅरेजवर थांबलो होतो, आतून एक पोरगा ओरडला "बारा-तेरा फेक रे", आणि दुसऱ्याने मान वर न करता पान्हा भिरकावला. आता तो पाना की पान्हा यावर शुद्धलेखनवाले काय म्हणतात ते म्हणोत, आमच्याकडे पान्हाच म्हणायचे. स्टेशनचं टेशन झालं तसा स्पॅनरने पण आपला स दारातच सोडला आणि आत येऊन बसला.

खरी गंमत आजोळची. मामाचं सायकलचं दुकान होतं, आणि तिथला रोजचा एकच तंटा, पान्हा कोणी चोरला. गिऱ्हाईक "दोन मिनिटात आणून देतो" म्हणून न्यायचं ते गेलंच. मामेभाऊ त्यातच वाढलेला, गल्ल्याशेजारी बसून लोकांच्या खिशांवर नजर ठेवायचा. एकदा सकाळी आजी गोठ्यातून चरवी घेऊन कुरकुरत आली, "आज पुन्हा पान्हा चोरला मेलीनं". तर हा पठ्ठ्या आंघोळीचा तांब्या हातात धरून विचारतो, "कितीचा?" आजीला काही कळेना, मामाला एवढं हसू आलं की चहा नाकात गेला. पुढे कित्येक वर्षं त्या गाईकडे आम्ही पोरं संशयानेच बघायचो.

गाईचा पान्हा संस्कृतातल्या प्रस्नवातून घरंगळत आलाय, सायकलवाल्याचा साहेबाकडून आणि साहेबाला तो जर्मनांकडून मिळालेला. जर्मनमध्ये श्पानन म्हणजे ताणणं, आवळणं. सतराव्या शतकात व्हीललॉक नावाच्या बंदुका होत्या, त्यात पोलादी चाक स्प्रिंगवर गुंडाळून ठेवायचं, घोडा ओढला की चाक गरागरा फिरून दगडावर घासणार आणि ठिणगी पडणार. ते चाक पिळायची जी किल्ली ती स्पॅनर. नटबिट नंतर आले. आणि हल्ली टायरवाले खटाखट नट काढतात त्या हवेच्या यंत्राला काय म्हणतात? गन! असो.

मला आपला साधा दोन तोंडांचा फिक्स पान्हाच आवडतो. नीट बघा, त्याचं तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, 15 अंश तिरकं असतं. अडचणीच्या जागी दांडा थोडासाच फिरतो, मग पान्हा उलटा करून लावायचा, परत थोडं फिरवायचं, परत उलटा. हे मला मामाने मडगार्डखाली हात घालून दाखवलं होतं, बोलला काहीच नाही. आणि त्यावरचा आकडा बोल्टचा नसतो बरं का, नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं ते अंतर. 6 मिलीच्या बोल्टला 10 चा पान्हा लागतो, हे ठाऊक नसलेला माणूस हार्डवेअरच्या दुकानात हमखास दोनदा जातो.

स्क्रू पान्ह्यावर मात्र माझा राग आहे. सगळ्या मापांना चालतो म्हणतात आणि कुठल्याच नटाला धड बसत नाही, सटकतो, नटाचे कोपरे गोल करून ठेवतो आणि मग तो नट देवालासुद्धा निघत नाही. अशी माणसंही असतात, पण ते जाऊ दे.

हिंदीत पाना म्हणजे मिळणं. हे नाव ज्याने रूढ केलं त्याने कधी घरात पान्हा शोधलेला नसणार. आमच्याकडे सेटमधला 10-11 नेहमी गायब, बाकीचे सगळे आपापल्या खाचेत शहाण्यासारखे झोपलेले. घेऊन कोण गेलं ते मला पक्कं माहितेय, वरच्या मजल्यावरच्या काकांनी नेलाय, पण आता इतके महिने झाल्यावर मागायचा कसा? नवीनच आणतो. आणि हो, तो कोणाला देणार नाही. 12-13 मागा, खुशाल न्या.