लोणा

भिंतीला लोणा लागला की लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. तो खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो, आणि सहा महिन्यांत पांढरी भुकटी पुन्हा वर येते. मग मला फोन येतो. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, दुरुस्तीची कामं घेते. गळती शोधणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. पण त्या दिवशी फोन ठेवताना मला लाजच वाटली, कारण ही भिंत मी दोन वर्षांपूर्वी एकदा बरी करून, बिल घेऊन आले होते.

भिंत एका निरीक्षणगृहातली. लोक अजून रिमांड होमच म्हणतात. अठराच्या आतल्या मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल आणि जामिनावर घरी सोडलं नसेल, तर चौकशी चालू असेपर्यंत त्याला इथे ठेवतात. 2015च्या बाल न्याय कायद्यात त्याच्यासाठी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आहे, आणि मुलाला डाग लागेल अशी भाषा वापरायची नाही हे तर कायद्याचं एक तत्त्वच आहे. अधीक्षक फोनवर म्हणाले, "मॅडम, कैद्यांच्या खोलीखाली माझं ऑफिस आहे ना, तिथे कपाटामागे परत ओल उतरलीय. आणि वास येतो हो."

उन्हाळा होता, त्यामुळे पावसावर ढकलायची सोय नव्हती. वर मुलांची झोपायची खोली, खाली ऑफिस. कपाट सरकवलं तर मागे पुरुषभर उंचीचा पिवळट पट्टा, आणि त्याच्या कडेला साखरेसारखी भुकटी. साध्या पाण्याच्या ओलीला एवढा दाट लोणा धरत नाही. पाणी सुकतं आणि त्यातलं मीठ मागे उरतं. मीठ जास्त म्हणजे पाणी नुसतं पाणी नाही. प्लंबरकाकांनी बोटावर भुकटी घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता बोट पुसलं. "संडासाची लाइन असणार, ताई."

संडासाची लाइन नव्हती. संडास खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या बोळाच्या पलीकडे. तरी आम्ही रीतसर सगळं केलं. टाकीचा व्हॉल्व बंद ठेवून पातळी मोजली, तसूभर उतरली नाही. नहाणी ट्रॅप बुजवून न्हाणीघरात पाणी तुंबवलं आणि रात्रभर ठेवलं. संडासाच्या भांड्यांत रंग सोडला आणि चेंबर उघडून बघितलं, तर रंग जिथे यायला हवा तिथेच आला. गळती शोधताना सापडली नाही याचं वाईट वाटत नाही, एक एक शक्यता खोडत जाण्यातच गंमत असते. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे खोडायला काही उरलं नव्हतं.

उरली होती फक्त बाल्कनी. ती आता बाल्कनी नाही. 2016च्या आदर्श नियमांत 50 मुलांच्या संस्थेसाठी जागा आखून दिलेली आहे: प्रत्येकी 1000 चौरस फुटांच्या दोन झोपायच्या खोल्या, एकेकीत 25 मुलं, आठ संडास, पाच न्हाणीघरं. हे आकडे मला पाठ आहेत. ही खोली हजाराला कमी पडत होती, म्हणून बाल्कनीला भिंत घालून ती खोलीत घ्यायचं काम तीन वर्षांपूर्वी मीच केलं होतं. मोजमापाचा तक्ताही मीच भरला. खोली 1000, बरोबर. संडास आठ, बरोबर. त्या दिवशी 25 जणांच्या त्या खोलीत 31 मुलं होती, पण तो माझ्या तक्त्याचा विषय नव्हता.

बाल्कनीच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी जायला एक भोक असतं, त्याला जोडलेला पाइप भिंतीच्या पोटातून खाली उतरतो. बाल्कनी आत घेताना ते भोक सिमेंटने बुजवायचं असतं आणि पाइपला टोपी मारायची असते. माझ्या माणसांनी वर नुसती फरशी बसवली होती. मी बघितलं नव्हतं.

मुलं वर्गात होती म्हणून आम्ही वर गेलो. फक्त एक तापाने झोपून होता, चौदा-पंधराचा असेल. काका कोपऱ्यात बसले, फरशीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं, पोकळ आवाज आला. ते फरशीच्या सांध्यात करणीचं टोक घालणार, तेवढ्यात तो मुलगा उठून बसला.

"काका, तिथे हात नका घालू. घाण आहे."

त्याच्या आवाजात चोरी उघडी पडल्याची भीती नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा हात बरबटेल, एवढीच काळजी होती.

फरशी सुटीच होती, रोज उचलून कडा गुळगुळीत झालेल्या. खाली माझं भोक. बाजूला भिंतीला टेकवून प्लास्टिकची कापलेली बाटली आणि साबणाची एक चिपटी. 31 जणांच्या त्या खोलीत, जिथे गाद्यांना घामाचा वास आणि खिडक्यांच्या गजांवर बोटभर धूळ, तो दोन फुटांचा कोपरा सगळ्यात स्वच्छ होता. भांडं घासावं तसा घासलेला.

मला बघून तो गप्प झाला. बाईमाणसासमोर कोण बोलणार. मी बोळात जाऊन उभी राहिले, पण ऐकू येत होतं. रात्री नऊला चॅनेल गेटला कुलूप लागतं ते सकाळी सहाला निघतं. गेट खोलीच्या तोंडावर, संडास त्याच्या पलीकडे. ज्याला जायचं त्याने कोपऱ्यात जायचं, नंतर प्यायच्या पाण्यातली अर्धी बाटली ओतायची. तेवढा वेळ बाकीच्यांनी तोंड भिंतीकडे करायचं.

"हा नियम कोणी केला?" काकांनी विचारलं.

"आम्ही आलो तेव्हा होताच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कायद्याने चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने मिळतात. नेहमी तसं होतं असं नाही, पण मुलं बदलत राहतात हे खरं. तक्रार करण्याएवढा धीर येईपर्यंत मुलगा बाहेर पडलेला असतो. कोपरा मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे जातो, अर्ध्या बाटलीसकट. तक्रार-सूचना पेटी होती, ऑफिसच्या दाराशीच टांगलेली. तिच्यात 'आम्ही रात्री कुठे जातो' अशी चिठ्ठी कोणता पंधरा वर्षांचा मुलगा टाकेल? जिल्हा पातळीवरच्या समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी पाहणी करायची, तीत निदान तीन सदस्य, त्यांत एक स्त्री आणि एक डॉक्टर, असं कायदा सांगतो. पाहणी होतही असे, वहीत सह्या होत्या. पण पाहणीला लोक दिवसा येतात, आणि दिवसा मोजले तर संडास आठच भरतात. मीही दिवसाच मोजले होते.

अधीक्षकांचा पहिला शब्द होता, "भोक बुजवा." अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, बुजवते, पण मग आज रात्री ती मुलं काय करतील ते मला सांगा. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. माणूस वाईट नाही. दोन खोल्यांना मिळून रात्री एकच काळजीवाहक, दुसरं पद रिकामं. पूर्वी एका रात्री गेट उघडलं असताना एक मुलगा पळाला, त्यात काळजीवाहक निलंबित झाला. तेव्हापासून एकट्याने गेट उघडायचं नाही असा तोंडी हुकूम. असे हुकूम नेहमी तोंडीच का असतात हे मला सरकारी कामं करून करून कळलंय.

मग मी जे सुचवलं त्याचा मला आजही अभिमान आहे. गेटच अकरा फूट पुढे न्यायचं, बोळाच्या पलीकडच्या तोंडाला. म्हणजे कुलूप तेवढंच, काळजीवाहक तोच, फक्त दोन संडास कुलपाच्या आतल्या बाजूला. खर्च ऑफिसच्या नव्या फरशीसाठी मंजूर झालेल्या रकमेपेक्षा कमी. मंजुरीला पाच आठवडे लागले, ते सांगत बसत नाही.

गेट उखडून बसवणं सोपं. खरं काम संडासाचं. बंदिस्त जागेत, एकट्या मुलासाठी संडास करायचा तर लटकता येईल असं काही ठेवायचं नाही. खुंट्या काढल्या. उघडे पाइप चौकटीत बंद केले. फ्लशची टाकी भिंतीत घेतली. लांब दांड्याचा नळ काढून दाबायचा, आखूड नळ लावला. हवेच्या झडपांना बाहेरून जाळी, आतून बोट अडकणार नाही इतकी बारीक. दार खालून नऊ इंच कापलं, पाय दिसावेत एवढं, आणि कडी अशी की आतून लागते, पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. सुतार म्हणाला, असली कडी कशाला, सरळ कडीच काढून टाकू. मी त्याला दोनदा परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांनी 1990मध्ये कोठडीतल्या मुलांसाठी जे नियम स्वीकारले त्यांत 34वा नियम स्वच्छतागृहांचा आहे, आणि त्यात स्वच्छतेबरोबर खासगीपणाही सांगितलाय. ते मी नंतर वाचलं. सुताराशी भांडताना मला फक्त एवढं माहीत होतं की 31 जणांना भिंतीकडे तोंड करायला लागू नये.

अधीक्षकांनी तेव्हा एक शंका काढली होती. "मॅडम, आत काय चालतं ते रात्री मला कसं कळणार? कोपऱ्यात निदान तीस जणांसमोर असतात." मला ती पळवाट वाटली. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, कडी बाहेरून उघडते, बोळात दिवा आहे, काळजीवाहकाने फेरी मारायची. कोपऱ्यातलं भोक मी स्वतः उभी राहून न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घेतलं, वर फरशी पक्की बसवली. खालची भिंत विटेपर्यंत सोलली, मीठ पाण्याने धुऊन काढलं, सुकू दिली, मग गिलावा केला. वर गेले तेव्हा तो तापाचा मुलगा नव्हता. सुटला की दुसरीकडे हलवला, मला विचारायचा अधिकार नाही.

तीन महिन्यांनी फोन. "मॅडम, तुमचं वॉटरप्रूफिंग परत फेल."

कपाट सरकवलं. जुन्याच जागी, छताजवळ, तळहाताएवढा डाग. कडेला भुकटीची बारीक रेघ. वर गेले. ग्राउट शाबूत, फरशी शाबूत. पण फरशीच्या सांध्यातलं सिमेंट एका बाजूने पिवळं पडलेलं, आणि तिथून पाणी बारीकसं झिरपतंय. कापलेली बाटली नाही, साबण नाही, कोपरा घासलेला नाही. काकांनी वास घेतला, या वेळी माझ्याकडे बघितलं. "एकच जण आहे, ताई. जास्त असते तर एवढ्यावर भागलं नसतं."

बोळातला दिवा चालू होता. संडास स्वच्छ होते. कड्या आतून नीट लागत होत्या. खोलीच्या तोंडापासून संडासाचं दार अकरा फूट. हे अकरा फूट रात्री कुणाला तरी चालवत नाहीत. का, ते मला माहीत नाही. अंधार असेल, किंवा आणखी कोणी मोठा मुलगा त्याच वेळी उठत असेल. तीस जणांसमोर कोपऱ्यात बसणं ज्याला त्यापेक्षा बरं वाटतं असा कोणीतरी आहे.

काळजीवाहक म्हणाला, "नाव काढून देऊ का? दोन रात्रींत काढतो." मी नको म्हटलं. त्याने कसं काढलं असतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात, त्यांना चिठ्ठी लिहून ठेवली: कोपरा, फरशीचा सांधा, एकच मुलगा, नाव शोधू नका, आधी रात्रीचं विचारा. अधीक्षकांना दुसऱ्या काळजीवाहकाच्या पदाबद्दल पुन्हा लिहायला सांगितलं. ते म्हणाले, मागची तीन पत्रं दाखवू का.

त्यांना भिंत लगेच सोलून हवी होती, वरून कुणीतरी भेटीला येणार होतं. मी सोलू दिली नाही. म्हटलं, ओल चालू असताना गिलावा टिकत नाही, आणि ते खोटंही नाही. ओल पसरतेय की आटतेय हे बघायची आमची एक साधी पद्धत आहे. डागाच्या कडेकडेने मी पेन्सिलने रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि कपाट परत सरकवून ठेवलं. सोमवारी जाऊन बघायचंय.